साडेपाच मिलिमीटर अलीकडचा गंधार

मामाचा बेस माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तिसऱ्या आणि पाचव्या पडद्यांना खड्डे पडलेले होते. पडदा म्हणजे फ्रेट. गिटारच्या दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना आपण इंग्रजी नावानेच ओळखतो, पण सतारीवाले त्यांना पडदे म्हणतात आणि तो शब्द मला आवडतो, म्हणून इथे तोच वापरते. तर ते खड्डे वीस-बावीस वर्षांचे. मामा डोंबिवलीच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. गणपती, नवरात्र, लग्नं, सोसायट्यांचे वर्धापनदिन, कधी सावित्रीबाई फुले नाट्यगृह, कधी कल्याणचं अत्रे रंगमंदिर. हिंदी सिनेमाची गाणी, मधे दोन लावण्या, शेवटी आरती किंवा वंदे मातरम्. त्याच त्या जागी जाड तार इतक्या वेळा दाबली गेली की तिने धातू खाल्ला.

मामाच्या वादनाचं एकही रेकॉर्डिंग नाही. एका लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये तो मागे उभा असलेला दिसतो, पण ऐकू येत नाही. बेसचं असंच असतं. पुढे मामाची बोटं संधिवाताने आखडली, बेस कपाटावर गेला आणि दहा-बारा वर्षं तिथेच राहिला. दोन वर्षांपूर्वी तो मी ठाण्याला घेऊन आले. रविवारी दुपारची स्लो लोकल, बेस दोन पायांच्या मध्ये उभा, आणि दिव्याला चढलेल्या काकू विचारतायत, "यात काय आहे गं, सतार?"

महिन्याभराने मी मामाला फोन केला. "मामा, मी याचे पडदे काढू का?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काढ की. तुझाच आहे तो आता. पण काढून वाजवणार काय, ते ठरवलंयस का?"

मी ठरवलं नव्हतं. मला फक्त तो आवाज हवा होता. पडदे नसलेल्या बेसचा, म्हणजे फ्रेटलेसचा, तो गाणाऱ्या माणसासारखा आवाज. तो आवाज नेमका कशामुळे चांगला लागतो याबद्दल माझी समजूत चुकीची होती. ती कशी चुकली आणि कशी दुरुस्त झाली, ते सांगण्यासाठी हा लेख.



आधी थोडा इतिहास, कारण त्यात एक गंमत आहे. लिओ फेंडरने 1951 साली बाजारात आणलेल्या इलेक्ट्रिक बेसचं नाव होतं 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. तोवर बेस म्हणजे माणसाहून उंच, उभा धरून वाजवायचा डबल बेस. त्याला पडदे नसत. सूर कुठे आहे हे कानाने आणि हाताच्या सवयीने शोधावं लागे. फेंडरने दांडीवर पडदे बसवले आणि ही अडचण संपवली. बोट पडद्यामागे कुठेही ठेवा, सूर तोच येणार. त्या नावात हीच जाहिरात होती.

दहा वर्षांत ते पडदे काढणारी माणसं निघाली. रोलिंग स्टोन्सचा बिल वायमन याने 1961 साली एक स्वस्तातला बेस घेतला. त्याचे पडदे खडखडत होते म्हणून त्याने ते उपटून टाकले. पैसे आले की नवे बसवू, असा विचार होता. पण बिनपडद्यांचा बेसच त्याला जास्त आवडला आणि नवे पडदे बसलेच नाहीत. म्हणजे ही कुठल्या कारखान्यातल्या संशोधनाची गोष्ट नाही. पैसे नसलेल्या एका पोराने घरी केलेली दुरुस्ती अर्धवट राहिली, एवढीच. अँपेग कंपनीचा कारखान्यात बनलेला फ्रेटलेस बेस त्यानंतर 1966 साली आला आणि फेंडरने स्वतःचा 'प्रिसिजन' पडद्यांशिवाय विकायला काढला तो 1970 साली. नाव मात्र बदललं नाही.

पण या वाद्याचं नाव निघालं की सगळे एकाच माणसाकडे वळतात: जॅको पास्टोरियस. फ्लोरिडात वाढलेला, 1976 साली स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम काढणारा, 'वेदर रिपोर्ट' या बँडमध्ये वाजवणारा आणि 1987 साली पस्तिसाव्या वर्षी गेलेला. त्याने 1962 च्या फेंडर जॅझ बेसचे पडदे लोणी लावायच्या सुरीने काढले, ही कथा बेस वाजवणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. ती खरी की नाही, हा प्रश्नच आहे. त्याने स्वतःच वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. कधी मीच काढले, तर कधी घेतला तेव्हाच काढलेले होते.

मला खटकतं ते वेगळंच. या कथेतली सुरी सगळ्यांना आठवते, त्यापुढचं कोणाला आठवत नाही. पडदे निघाले की दांडीवर खाचा उरतात. त्या त्याने लाकडाच्या लुगद्याने भरल्या आणि वरून बोटींना लावतात त्या एपॉक्सीचे थर चढवले. कारण त्याला टणक, खरखरीत राउंडवाउंड तारा हव्या होत्या आणि त्या तारा उघडं लाकूड कानशीसारख्या खातात. एपॉक्सीमुळे दांडीचा पृष्ठभाग काचेसारखा कडक झाला आणि त्याच्या आवाजाला ती धार आली. उपटणं दहा मिनिटांचं काम आहे. पण आपण ही कथा बंडखोरीची म्हणून सांगतो. पोराने सुरी घेतली आणि नियम उपटून फेकले! प्रत्यक्षात ती भरण्याची, घासण्याची, थरावर थर सुकू देण्याची गोष्ट आहे. हे मला कथा वाचून कळलं नाही. स्वतःच्या हाताने करायला घेतलं तेव्हा कळलं.



मी ते काम जूनमध्ये काढलं, ही पहिली चूक. ठाण्याच्या पावसात गोंदही सुकत नाही आणि लाकूडही.

तारा सोडल्या. सोल्डरिंग आयर्न तापवून पडद्यावर टेकवलं, म्हणजे खालचा जुना गोंद सैल होतो. मग एका टोकाला पक्कड लावायची आणि ओढायची नाही. नुसती चिमटायची, चिमटत पुढे सरकायचं. पडद्याच्या पोटाला एक पातळ पाती असते, ती खाचेत रुतलेली असते आणि तिला बारीक दात असतात. घाई केली की ते दात लाकडाचा ढलपा घेऊन वर येतात. माझ्याकडून सातव्या पडद्याला तसंच झालं. नखाएवढा तुकडा उडाला. तो फरशीवर शोधून सुपरग्लूने परत चिकटवला. आजही तिथे बोटाला खडबडीत लागतं.

वीस पडदे निघाले. ते स्टीलच्या एका डबीत ठेवले.

मग खाचा. त्या तशाच रिकाम्या सोडल्या तर दांडी कमजोर होते आणि तारांच्या ओढीने पुढे झुकते. ठाण्यातल्या एका प्लायवुडच्या दुकानातून फिकट रंगाच्या व्हिनियरचा तुकडा आणला. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, खाचेत बरोबर बसतो. पट्ट्या कापल्या, गोंद लावून खाचांमध्ये बसवल्या, दोन दिवस ठेवल्या, ओल बघून आणखी दोन दिवस ठेवल्या, मग वरचा भाग तासून टाकला. दांडीला किंचित बाक असतो, तो जाऊ नये म्हणून त्याच बाकाच्या लाकडी ठोकळ्याला सँडपेपर गुंडाळून घासलं. आधी 120 चा, मग 220, मग 400. शेवटी वरच्या टोकाचा नट खाली घेतला, कारण पडद्यांची उंची गेल्यावर तारा हवेत लटकतात. एपॉक्सीच्या वाट्याला मी गेले नाही. त्याऐवजी गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा घेतल्या, त्या लाकूड खात नाहीत. या तारांची किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात नवीन गिटार आली असती."

फिकट व्हिनियरमुळे काळपट दांडीवर वीस रेघा दिसतात. पडदे गेले, त्यांच्या जागा राहिल्या. या रेघा मी मुद्दाम ठेवल्या, चुकू नये म्हणून. पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यामुळेच झाला आणि तो झाला हे बरंच झालं.



पहिले तीन आठवडे मी फक्त घसरत होते. पडद्यांवर बोट सरकवलं तर जिन्यावरून उतरल्यासारखे तुटक सूर येतात. इथे मात्र बोट नेईल तिथे आवाज अखंड जातो. शिवाय बोटाखालची तार लाकडाला हलकेच घासत थरथरते, त्याने आवाजाला एक अनुनासिक फुलोरा येतो. बेसवाले त्याला 'म्वाह' म्हणतात. तानपुऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी खुलवतात, तिचा हा दूरचा भाऊ. दोन्हीकडे तार एका जवळजवळ सपाट पृष्ठभागाला घासत वाजते.

मला वाटलं, झालं! ही मींड. हे आपलं. मी चार मिनिटांचं काहीतरी रेकॉर्ड केलं आणि मामाला पाठवलं.

त्याचा व्हॉइस मेसेज आला. "ऐकलं गं. छान घसरतेस. पण तू सगळीकडे जातेस बाळा, पोचत कुठेच नाहीस."

दोन दिवस मी चिडलेली होते. मग ज्या रेकॉर्डिंग्जवर माझं प्रेम आहे, ती पुन्हा ऐकायला घेतली, मामाचं वाक्य खोटं पाडण्यासाठी. 'वेदर रिपोर्ट'च्या 1977 च्या 'हेवी वेदर' अल्बममध्ये जो झाविनुलची 'अ रिमार्क यू मेड' नावाची संथ रचना आहे. तिची धून वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन आणि जॅकोचा बेस वाटून घेतात. फ्रेटलेस म्हणजे घसरणं असं ज्याला वाटतं त्याने हेडफोन लावून ही रचना ऐकावी आणि नुसतं मोजावं, की बेस किती वेळ घसरतो आणि किती वेळ थांबलेला असतो. मला वाटलं होतं त्याच्या एक दशांशही घसरण नाही. तो एका सुरावर येतो, तो सूर पूर्ण लांबीभर धरतो, शेवटाकडे बोटाने हलकासा कंप देतो आणि मग दुसऱ्या सुरावर जातो. मधली वाट अगदी छोटी असते. आपल्याला ती मोठी वाटते, कारण पोचल्यावरचा सूर इतका पक्का असतो की त्याने आधीच्या वाटेलाही अर्थ येतो.

त्याच सुमाराच्या, 1976 च्या 'हेजिरा'मध्ये हा माणूस जोनी मिशेलच्या आवाजाशेजारून चालतो. तिथेही तेच. तिचं वाक्य संपतं तिथे तो एखादा सूर ठेवतो आणि गप्प बसतो.

आता याच्याशेजारी 1983 सालचं पॉल यंगचं 'व्हेअरएव्हर आय ले माय हॅट' ठेवा. सुरुवातीलाच पिनो पॅलाडिनोचा फ्रेटलेस येतो, आणि तो मोठ्या घसरणीवरच उभा आहे. सुंदर आहे, यात वाद नाही. ते गाणं गाजलं आणि मग ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी हळुवार गाण्यांत तो आवाज अत्तरासारखा शिंपडला गेला. कुठल्याही सुरावर जायचं असलं की खालून लोंबकळत जायचं. अत्तराचं होतं तेच झालं, दहाव्या माणसाच्या अंगावर वास येईनासा होतो. पॅलाडिनोला हे आपल्याआधी कळलं असावं. 2000 सालच्या डिअँजेलोच्या 'व्हूडू'मध्ये तो जुना, पडदेवाला प्रिसिजन घेऊन बसलेला आहे आणि ते त्याचं सगळ्यात खोल काम आहे, असं माझं मत.

आपल्याकडच्या फ्यूजनबद्दल माझी तक्रार हीच आहे. बेसवाल्याने पडदे काढले, प्रत्येक वाक्यात एक लांब घसरण घातली, की निवेदक सांगतो, आता पाश्चात्त्य वाद्यावर भारतीय मींड ऐका. पण मींड म्हणजे घसरणं नव्हे. मींड एका ठरलेल्या सुरावरून दुसऱ्या ठरलेल्या सुरावर जाते, आणि कुठल्या दोन सुरांमध्ये ती घ्यायची हे राग सांगतो. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात वजन गंधारावर, देशकारात धैवतावर. दोन्ही रागांत बोट त्याच पाच जागांवर जाणार. कुठे थांबायचं आणि कुठून नुसतं निघून जायचं, एवढ्याने राग बदलतो. सतत सरकणाऱ्या बेसला हा फरक दाखवताच येत नाही. तो सगळीकडे सारखाच भावूक असतो.

म्हणून फ्रेटलेस ऐकताना मी आता एकच कसोटी लावते: हा माणूस थांबतो कुठे? पडद्याने घेतलेला निर्णय त्याने स्वतः घेतला आहे, की टाळला आहे? घसरण हा निर्णय टाळायचा सगळ्यात गोड मार्ग आहे. मी तीन आठवडे तेच करत होते.



मग थांबायचं कुठे? माझ्याकडे रेघा होत्या. रेघेवर बोट ठेवायचं, सोपं होतं. (पडदा असताना बोट त्याच्या मागे ठेवतात. तो काढल्यावर नेमकं त्याच्या जागी.) मी फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं, पांढरी सहा, म्हणजे बेसच्या मोकळ्या ए तारेचा सूर. सा मोकळ्या तारेवर आलाच. पंचम सातव्या रेघेवर, तोही छान मिळाला. गंधारासाठी चौथ्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते बेसूर लागलं.

आधी वाटलं रेघ चुकली. मोजपट्टी काढली. माझ्या बेसची मोकळी तार 34 इंच, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर. गिटारच्या पडद्यांचं गणित असं, की सप्तकाचे बारा अगदी समान भाग करायचे. त्या हिशेबाने चौथा पडदा नटपासून 178.2 मिलिमीटरवर पडतो. माझी रेघ तिथेच होती. पण तानपुरा ते गणित मानत नाही. त्याच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, त्याचं षड्जाशी प्रमाण पाचास चार. तार तिच्या लांबीच्या एक पंचमांशावर दाबली की तो मिळतो. 864 चा एक पंचमांश 172.8. म्हणजे खरा गंधार रेघेच्या जवळजवळ साडेपाच मिलिमीटर अलीकडे, नटच्या बाजूला होता. पंचमाच्या बाबतीत हाच फरक पाऊण मिलिमीटरही नाही, म्हणून तो बिनतक्रार जुळला होता.

मी बोट मागे घेतलं. एक मिलिमीटर, दोन, तीन. एका जागी तानपुरा आणि बेस यांच्यातली ती बारीक लाट थांबली आणि खोली भरल्यासारखी वाटली. इतकी वर्षं मी जो गंधार वाजवत होते तो पडद्याने मला दिलेला होता. हा मी शोधला होता, आणि तो रेघेवर नव्हता.

हे भांडण माझ्या खोलीतलं नाही, आपल्या संगीतात ते शंभर वर्षांहून जास्त चालू आहे. तिथे आरोपी पेटी आहे. हार्मोनियमचेही सूर कारखान्यात ठरलेले असतात आणि तिच्यातून मींड निघत नाही. मराठी रंगभूमीवर सारंगीची जागा हळूहळू पेटी आणि ऑर्गन यांनी घेतली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला, आणि त्याच वेळी तिच्या सुरांबद्दलची कुरकुरही वाढत गेली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुती हार्मोनियमची खटपट केली, आणि त्या चर्चेत अब्दुल करीम खाँसाहेबही होते. पुढे 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर सरळ बंदी घातली. ती तीसेक वर्षं टिकली.

या वादाचा एक पत्ता तर माझ्या गावातच आहे. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक, पेशाने डॉक्टर आणि पेटीवादनात पं. गोविंदराव पटवर्धन यांचे शिष्य. त्यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. मांडणी अशी, की षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन जागा, एकूण बावीस. कुठला राग वाजवायचा ते ठरवून त्या त्या स्वराची हवी ती श्रुती आधी निवडायची आणि मग वाजवायला बसायचं. हा उपाय मला आधी अर्धवट वाटायचा. मींड तर येतच नाही, मग उपयोग काय? आता तसं वाटत नाही. ओकांनी वाद्याला घसरायला शिकवलं नाही, थांबायच्या जागा दुरुस्त केल्या. महत्त्वाचं तेच होतं.

उलट टोकाला सरोद आहे. त्याचा पूर्वज काबुली रबाब, लाकडी दांडीचा आणि थोड्याशा पडद्यांचा. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात त्याचे पडदे गेले, लाकडावर धातूची पाटी आली, तातीच्या जागी पोलादी तारा आल्या. जॅकोची एपॉक्सी आणि सरोदची पाटी एकाच गरजेतून आली असणार: पडदा गेला की बोटाखाली काहीतरी कडक हवं, नाहीतर आवाज दबून जातो. म्हणजे पडदे काढणं हे पाश्चात्त्य बंड आणि श्रुती ही भारतीय परंपरा, अशी सोपी वाटणीही करता येत नाही. आपणही पडदे काढलेत आणि त्यांनीही कान लावलेत.



लेख इथे संपला असता तर तो खोटा ठरला असता. कारण पुढे मी तो खरा गंधार घेऊन कल्याणला एका मित्राकडे गेले. तो कीबोर्ड वाजवतो. त्याने ए मेजर धरला, मी माझा साडेपाच मिलिमीटर अलीकडचा गंधार लावला. त्याने हात थांबवले. "अगं, उतरलाय तुझा सूर. ट्यून कर ना."

माझा सूर उतरला नव्हता. पण त्याचंही चुकत नव्हतं. त्याच्या कीबोर्डचा गंधार माझ्या चौथ्या रेघेवर होता, आणि दोन गंधार एकत्र वाजले की ऐकणाऱ्याला दोघांतला एक बेसूर लागतो. तासभर हट्ट करून शेवटी मी रेघेवर आले. लगेच सगळं जुळलं.

हे मी मामाला डोंबिवलीला जाऊन सांगितलं. तो हसला. त्याने जे सांगितलं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. गणपतीच्या मांडवात, म्हणाला, स्टेजवर स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. बाजूला ढोलकी, मागे ऑक्टोपॅड, समोर लोकांचा गोंगाट, आणि मॉनिटर असलाच तर तो गायकाच्या तोंडापुढे. अशा वेळी बारा जणांनी आपापला खरा सूर शोधत बसायचं ठरवलं तर गाणं उभंच राहणार नाही. "पडदा म्हणजे काय गं? सगळ्यांनी आधीच बसून ठरवलेलं. थोडं थोडं सगळ्यांचंच चुकीचं. पण सगळ्यांचं सारखं."

मी पडद्यांकडे आजवर बंधन म्हणून बघत होते. मामासाठी तो विश्वास होता. कान कामाला येत नव्हता अशा शेकडो रात्री त्याने त्या तिसऱ्या आणि पाचव्या पडद्यावर भरवसा ठेवला, आणि खड्डे त्याचेच होते. मी ते उपटले तेव्हा त्याच्या वादनाची एकमेव लेखी नोंद उपटली होती. याचं वाईट मला काढताना वाटलं नाही, ऐकताना वाटलं.

मग मी बरोबर नेलेली डबी काढून त्याच्या हातात दिली. त्याने वीसच्या वीस पडदे गादीवर ओतले. त्यांच्यावर आकडे नव्हते, पण ते एकसारखेही नव्हते. त्याने दोन उचलले, आखडलेल्या अंगठ्याने त्यांच्यावरून फिरवलं, खड्डा चाचपला. "हा तिसरा," तो म्हणाला. मग मामीला हाक मारून चष्मा मागवला.



मग फ्रेटलेस करावा की करू नये? हा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात, घरात पडून राहिलेला जुना बेस असणारे. पक्कड, व्हिनियर आणि सँडपेपर मिळून खर्च फार नाही. पावसाळा टाळा, सातव्या पडद्यापाशी घाई करू नका, खाचा भरल्याशिवाय तारा चढवू नका. पण तो मोकळा होईल म्हणून करू नका. पडदे काढल्याने वाद्य मोकळं होत नाही. जो निर्णय पडदा घेत होता तो तुमच्याकडे येतो, आणि प्रत्येक सुराला नव्याने येतो. तानपुऱ्याबरोबर असाल तर गंधार रेघेच्या अलीकडे. कीबोर्डबरोबर असाल तर रेघेवर. कोणाबरोबर वाजवताय हे ऐकल्याशिवाय सूर कुठे आहे ते सांगता येत नाही.

मी रेघा पुसल्या नाहीत. त्या रेघा म्हणजे मामाच्या ऑर्केस्ट्राने आणि माझ्या मित्राच्या कीबोर्डने ठरवलेल्या जागा. त्यांच्यापासून कधी आणि किती दूर जायचं हे कळण्यासाठी त्या दिसलेल्या बऱ्या.

गेल्या महिन्यात मी मामाला नवं रेकॉर्डिंग पाठवलं. भूप, फक्त तानपुरा आणि बेस, सहा मिनिटं. घसरण मोजून चार ठिकाणी. संध्याकाळी त्याचा फोन आला. बराच वेळ तो कामवालीच्या रजेबद्दल आणि ठाकुर्लीजवळ अडकलेल्या लोकलबद्दल बोलला. ठेवताना म्हणाला, "तो गंधार कुठे दाबलास? रेघेवर नाहीये ना?"

"नाही."

"तरीच," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी येशील तेव्हा बेस घेऊन ये."